संपर्क : सरपंच (वधूची आई)

माझं पोट लोकांच्या पदांवर चालतं. लांज्याला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. त्यात एक कॉम्प्युटर, एक छपाईचं मशीन आणि एक कुरकुरणारा पंखा. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, क्रिकेट स्पर्धेची पोस्टरं, निधनाचे फ्लेक्स, जे येईल ते मी करते. माणूस आत येतो, खिशातून चुरगळलेला कागद काढतो आणि नाव सांगतो. मग मी विचारते, "नावाखाली काय लिहू?" या एका प्रश्नाने माणसाचा चेहरा जसा खुलतो, तसा तो जेवणाचं ताट बघूनही खुलत नाही.

आमच्याकडे पत्रिकेत नुसतं नाव छापलं तर माणूस रुसतो. नावाला पद हवंच. आणि पदांना तोटा नाही, कारण प्रत्येक वाडीची दोन मंडळं असतात, एक गावातलं आणि एक मुंबईतलं. दोन्हींना वेगळे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. त्याशिवाय पाणी समिती, शाळा समिती, तंटामुक्ती समिती, महिला मंडळ आणि क्रिकेट संघ. घरं पंचवीस आणि पदाधिकारी चाळीस. एवढं करूनही कोणी उरलाच तर त्याला सल्लागार करतात. पद गेलं की माणूस माजी होतो, आणि माजी हे पद मात्र कधीच जात नाही. एकाने माझ्याकडून 'माजी उमेदवार' असं लिहून घेतलं होतं. तो पडला होता, पण उभा राहिला होता हे लोकांनी विसरू नये एवढीच त्याची इच्छा होती. दुसऱ्या एकाच्या बॅनरवर मी सलग तीन वाढदिवसांना 'भावी सरपंच' लिहिलं. चौथ्या वर्षी त्यानेच सांगितलं, आता हे पद माझ्या अंगाला चिकटतंय, काढून टाक. हसू दाबणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

सरकारही काही मागे नाही. मध्यंतरी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. नव्या पदाची पाटी करून घ्यायला एक जण माझ्याकडे आले होते. अक्षर मोठं हवं होतं, पण पद एवढं लांब की पाटी दारापेक्षा रुंद व्हायला लागली. शेवटी दोन ओळींत बसवलं. पाटी लागली, लोकांनी ती वाचली, कौतुक केलं, आणि आत जाऊन नेहमीसारखं म्हणाले, "भाऊसाहेब, दाखला हवा होता."

हे सगळं मी लोकांच्या घरचं म्हणून हसत सांगते. आमच्या घरचं सांगताना हसायला जरा उशीर लागतो, पण तेही सांगते.

आमचं गाव लांज्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. चार वर्षांपूर्वी सरपंचपद आमच्या प्रवर्गातल्या महिलेला राखीव झालं. बातमी कळली तेव्हा बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईचा अर्ज भरला. म्हणजे भरला बाबांनी, सही केली आईने. आई तेव्हा काजूच्या बिया वेचत होती. तिने चिकाचे हात साडीला पुसले, जिथे सांगितलं तिथे नाव लिहिलं आणि परत बागेत गेली. निवडून आली तेव्हा गुलाल बाबांच्या अंगावर उधळला गेला. आईच्या केसांत थोडासा उडाला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सरपंच झाले.

कोणी ठरवलं नव्हतं. गाडीवाला त्यांना पाहून म्हणाला, "या सरपंच." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. चहाच्या टपरीवर पहिला चहा त्यांना मिळायला लागला. मुंबईहून येणारे चाकरमानी उतरल्याबरोबर 'काय सरपंच' म्हणून हाक मारायचे. गावच्या क्रिकेट स्पर्धेला 'सरपंच चषक' हे नाव मिळालं आणि नाणेफेक बाबांनी केली. आई सरपंचांची बायको झाली, मी सरपंचांची पोरगी. आमच्या म्हशीलासुद्धा लोक सरपंचांची म्हैस म्हणायला लागले. त्या म्हशीला पद आईच्या आधी मिळालं, असं मी एकदा रागाने म्हणाले, तर आई इतकी हसली की तिच्या हातातली घागर हिंदकळली.

आई हसायची आणि कामाला जायची. ग्रामपंचायतीची मासिक सभा ती घ्यायची, ठरावावर सही वाचूनच करायची. एकदा वाचताना तिने ठरावात घुसवलेली, पण गावात नसलेलीच विहीर शोधून काढली होती. पंप बंद पडला की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या पंपघरात उतरायची, स्टार्टर उघडायची, फ्यूज बदलायची. किल्ली तिच्याच कमरेला. सरपंचांचा मोबाइल नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला होता आणि तो फोन बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असायचा. तक्रार बाबा ऐकून घ्यायचे, 'बघतो, करतो' म्हणायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे. ती बघायची, ती करायची.

मला याचा फार राग यायचा. माझा स्वभावच तापट, दुकानात गिऱ्हाईकसुद्धा जपून बोलतं. पण बाबांवर रागावताना माझा राग अर्ध्या वाटेत लटपटायचा, त्याचं कारण आहे.

बाबांनी मुंबईत एका कंपनीत सगळी उमेद घालवली. ते तिथे शिपाई होते. हे मला पाचवीत कळलं. शाळेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, त्यात वडिलांचा व्यवसाय हा रकाना होता. बाबा तेव्हा रजेवर गावी आले होते, मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नोकरी लिही. मी विचारलं, कसली नोकरी. ते म्हणाले, ऑफिसात. मी म्हटलं, ऑफिसात कोण. तेव्हा ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नळीने झाडांना पाणी घालत राहिले. मग आईने मला हळूच सांगितलं. साहेबांच्या केबिनबाहेर एक स्टूल होतं, त्यावर ते बसायचे. घंटा वाजली की उठायचे. आत साहेब असले तर कधीही खुर्चीवर बसायचे नाहीत, साहेबांनी बस म्हटलं तरीही नाही. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो शब्द त्यांच्यासमोर कोणी काढायचं नाही आणि ते स्वतःही काढायचे नाहीत, असा अलिखित कायदा होता. मी रकान्यात 'खाजगी नोकरी' लिहिलं.

अशा माणसाला उतारवयात लोक सरपंच म्हणायला लागले, तर त्याने काय करावं? मला ते पद त्यांच्याकडून काढून घ्यायचं होतं आणि घ्यायचंही नव्हतं. असा तिढा मनात असला की मी भांडते.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा हातखंब्याजवळचा, एका सरकारी कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. तारीख मे महिन्यातली धरली, म्हणजे मुंबईकर येतील. पत्रिका अर्थातच मी छापणार. ज्या संध्याकाळी हे ठरलं, तेव्हा आई मागीलदारी ओल्या काजूचे गर काढत बसली होती. हाताला खोबरेल चोपडलेलं, समोर सालांचा ढीग. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती वर न बघता म्हणाली, "बाय, पत्रिकेत माझ्या नावापुढं सरपंच लिव. बाबांच्या नावापुढं नको. तेवडाच एक."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा मी आणेन ती तिला आवडते. मी म्हटलं, त्यात काय, दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, लिहिलं समज. एवढ्या सहज म्हटलं की आज आठवलं तरी स्वतःची कीव येते.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बसले नाहीत, दुकानात ते कधी बसत नाहीत. स्क्रीनवर आईबाबांची नावं होती आणि आईच्या नावापुढे कंसात सरपंच. बाबांनी बोट दाखवलं आणि तो शब्द जरा वरच्या ओळीत सरकव म्हणाले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, घरात पद एकच आहे, कोणाच्याही नावापुढे लिहिलं तरी काय फरक पडतो. मी म्हटलं, फरक पडत नसेल तर आईच्याच राहू दे. ते तडक गावमंडळाच्या अध्यक्षांकडे गेले.

आता आमच्या वाडीत एखादा प्रश्न मंडळाकडे गेला की तो सुटत नाही, त्याला समिती मिळते. अध्यक्षांनी पत्रिकेचा मसुदा व्हॉट्सॲपवर मुंबई मंडळाच्या अध्यक्षांना पाठवला. त्यांनी तो कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकला. एका रात्रीत माझी लग्नपत्रिका वाडीची मालमत्ता झाली. मुंबई मंडळाचं म्हणणं पडलं की गावमंडळ वर आणि मुंबई मंडळ खाली हे चालणार नाही. शेजारीशेजारी केलं तर डावीकडे कोण, यावर दोन दिवस गेले. महिला मंडळाने विचारलं, आम्ही स्वागतोत्सुक आहोत की कार्यवाहक. पाणी समितीच्या सचिवाने, म्हणजे रोज टाकीत पाणी चढवणाऱ्या माणसाने, आपलं नाव क्रिकेट संघाच्या खाली आलं म्हणून जेवण सोडण्याची भाषा केली. माझ्या सासरच्यांनी हातखंब्याहून स्वतःची यादी पाठवली. तिच्यात एक 'निमंत्रित सदस्य' होते, आणि ते कशाचे निमंत्रित हे त्यांनाही सांगता येईना.

सरपंचपदाच्या वादावर अध्यक्षांनी तोडगा काढला. बाबांच्या नावापुढे नको आणि आईच्याही नको. खाली निमंत्रक म्हणून लिहायचं, 'समस्त सरपंच परिवार'. सगळ्यांनी अंगठे वर केले. बाबांनीही केला. पद घरावर टाकल्याने त्यात मी आले, म्हैस आली, आणि आई कुठे गेली ते कोणालाच दिसलं नाही.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "असू दे," म्हणाली, आणि पुढची भाकरी घेतली. ती भाकरी तिने जरा जास्तच वेळ थापली. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. दुकानात परत जाऊन मी पत्रिकेच्या अगदी तळाला, छपाईवाल्याचं नाव टाकतात त्या जागी, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ घुसवली. 'संपर्क : सरपंच (वधूची आई)', आणि पुढे पंचायतीच्या फळ्यावरचा नंबर. कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक होतं. पण लिहिलं होतं, आणि आईला दिलेला शब्द मुंगीएवढा का होईना पाळला होता.

छापायला पाठवायच्या दुपारी हातखंब्याहून फोन आला की आणखी सहा नावं राहिली आहेत, सगळे पदाधिकारी. जागा अजिबात नव्हती. तेव्हा मी एक चौकट तात्पुरती उचलून पानाच्या बाहेर ठेवली. आम्ही काम करताना असंच करतो, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कागदाच्या कडेला मोकळी जागा असते, तिथे सामान ठेवायचं, नावं बसवायची आणि मग सामान परत आत आणायचं. मी सहा नावं बसवली. शेवटचा मसुदा ग्रुपवर टाकला. चाळीसएक लोकांनी तो तपासला आणि सगळ्यांनी बरोबर म्हणून कळवलं. मी पाचशे पत्रिका छापल्या. निम्म्या गाडीने मुंबईला गेल्या, बाकीच्या तीन दिवसांत गावोगाव वाटून झाल्या.

चौथ्या दिवशी माझी मावशी फोनवर म्हणाली की पत्रिका फार सुंदर आहे, वाचायला पाऊण तास लागला, पण लग्न कुठे आहे?

मी पत्रिका उघडली. वधू होती, वर होता, तारीख होती, दोन्ही मंडळं शेजारीशेजारी होती, निमंत्रित सदस्य होते. स्थळ आणि वेळ ही चौकट पानाच्या बाहेर राहिली होती. चाळीस जणांनी मसुद्यात तपासलं ते आपापलं नाव आणि त्याखालचं पद. गिऱ्हाइकाला मसुदा तीनदा वाचायला लावणाऱ्या मी स्वतः तो फक्त तळाच्या मुंगीएवढ्या ओळीसाठी वाचला होता. दुकानाचं दार लावून घेतलं आणि डोकं टेबलावर टेकून आधी रडले, मग जे हसू सुटलं ते आवरेना. शेजारचा काजूवाला विचारायला आला की काय झालं. मी त्याच्यापुढे पत्रिका धरली. त्याने ती वाचली आणि म्हणाला, चांगली आहे की, फक्त माझं नाव नाही.

मी ग्रुपवर स्थळ आणि वेळ कळवली. पण पत्रिका गेलेल्या घरांत निम्मी माणसं अशी की ज्यांच्याकडे साधा फोन. त्यांनी पत्रिका पालथी घातली, उलटी धरली, चष्मा लावून वाचली, नातवाला वाचायला लावली, आणि तळाची ओळ त्यांना सापडली. अख्ख्या पत्रिकेत कामाची ओळ तेवढी एकच होती. मग फोन वाजायला लागला.

तो फोन बाबांच्या खिशात होता. पहिल्या दिवशी बाबांनी मजेत उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी लोकांच्या ध्यानात आलं की सरपंच स्वतः फोन उचलतायत, तेव्हा लग्नाचं विचारून झाल्यावर ते पुढे बोलायला लागले. आमच्या वाडीचा रस्ता कधी होणार, घरकुलाच्या यादीत नाव का नाही, दिवा पेटत नाही, विहिरीत साप पडलाय. बाबा 'बघतो, करतो' म्हणायचे, तर पलीकडची बाई विचारायची, कधी, कोणत्या वारी. बाबांना वार ठाऊक नव्हता. आणि जी ती बाई म्हणायची की पत्रिकेवर वधूची आई लिहिलंय, तिला द्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी खिशातला फोन काढून चुलीजवळ ठेवला आणि आईला म्हणाले, "तुजा हाय, तू घे."

त्यानंतर आठ दिवस घरात एकच आवाज होता. आई कांदे चिरताना, गोधड्या उन्हात घालताना, माझ्या हातावर मेंदी चालू असताना फोनवर बोलत होती. "मी सरपंच बोलतंय," असं म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा स्वतःच दचकली, मी पाहिलं. मग सवय झाली. लग्न वाडीच्या विहाराच्या पटांगणात, सकाळी अकराला, आणि घरकुलाची यादी सोमवारी लागेल, तुमचं नाव सातवं आहे. साप काढायला कोण येईल त्याचं नाव, दिव्याचा खांब कितवा. सगळं तोंडपाठ. बाबा ओटीवर मंडपाच्या दोऱ्या वळत बसायचे. फोन वाजला की त्यांचे हात थांबायचे. ते ऐकत होते हे मला दिसत होतं, पण त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी पटांगण भरलं. आमच्या वाडीत लग्नालाही सभेसारखं स्वरूप असतं. आधी अध्यक्षस्थानाची सूचना, मग अनुमोदन, मग मान्यवरांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत, आणि हे सगळं उरकल्यावर बौद्धाचार्य लग्न लावतात. गावमंडळाचे सचिव माइकवर होते आणि कार्यक्रमपत्रिका म्हणून त्यांनी माझी लग्नपत्रिकाच हातात धरली होती. पांढऱ्या साडीत मी स्टेजवर आणि समोर चाळीस पदाधिकारी, प्रत्येकाची नजर आपल्या नावाकडे. मुलाकडच्या निमंत्रित सदस्यांना फूल मिळालं तेव्हा नवरा माझ्या कानाशी म्हणाला, यांना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी मान खाली घातली. बायका म्हणाल्या, पोरगी लाजली.

तेवढ्यात आचारी मागून आला आणि आईच्या कानाशी लागला. टाकी कोरडी पडली होती. भात शिजायचा होता, आणि एवढ्या माणसांना प्यायला थेंब नव्हता. पाणी समितीचे सचिव, ज्यांनी पंप लावायचा, ते नवा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं नाव अजून पुकारलं गेलं नव्हतं आणि ते पुकारल्याशिवाय ते हलायला तयार नव्हते. आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, कमरेची किल्ली चाचपली आणि मंडपाच्या मागून निघून गेली. स्टेजवरून मला तिची पांढरी साडी पऱ्याच्या वाटेने उतरताना दिसली.

आणि नेमकं तेव्हाच गावमंडळाच्या सचिवांनी माइकवर म्हटलं की आता आपल्या गावच्या सरपंचांचं स्वागत.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. तीन वर्षांची सवय. बाबाही सवयीने उठले, सदरा खाली ओढला, दोन पावलं पुढे आले. सचिवांनी गुलाबाचं फूल पुढे केलं.  आई तिकडे पंपघरात उतरली असेल आणि इकडे हे फूल जाणार, हे मला सहन होईना. मी तोंड उघडणार होते, नवरी असो की नसो.

बाबांनी फूल घेतलं नाही, माइक घेतला. त्यांना माइकवर बोलायची सवय नाही, त्यांनी तो फोनसारखा कानाजवळ धरला, मग तोंडाशी आणला.

"सरपंच कामावर गेल्यात," ते म्हणाले. "त्या आल्याबिगर लगीन लागायचा नाय. मी त्यांचा शिपाई. निरोप देयाचा माजा काम, तेवडा केला."

 जो शब्द आमच्या घरात पाचवीपासून मी कधी मोठ्याने ऐकला नव्हता, तो लाउडस्पीकरवरून पलीकडच्या वाडीपर्यंत गेला होता. बाबांनी माइक परत दिला, पुढच्या रांगेतली मधली खुर्ची उचलली, स्टेजवर आणून ठेवली आणि तिच्या शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून, पाठ ताठ. असे ते उभे राहत असतील हे मला आधी कधी डोळ्यांसमोर आणता आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याचा हात धरून दाबला. तो बिचारा घाबरला. पाणी समितीचे सचिव मात्र उठले आणि नाव पुकारायची वाट न बघता पऱ्याच्या वाटेने धावत सुटले.

अर्ध्या तासाने टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई आली ती गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलात, पांढऱ्या साडीचा काठ तांबडा, हाताला ग्रीस. सगळे आपल्याकडे का बघतायत हे तिला कळेना. मंडळाच्या सचिवांनी तिला स्टेजवर बोलावून गुलाब दिला. बाबांनी खुर्ची पुसली आणि पाण्याचा ग्लास ताटलीत ठेवून तिच्यापुढे धरला. ती बसली, पाणी प्यायली, आणि मग तिचं लक्ष गेलं की ते शेजारी उभेच आहेत. कोणीतरी तिला पुटपुटून सांगितलं बाबा काय म्हणाले ते. आईने ग्लास खाली ठेवला.  मग हात लांब करून तिने शेजारची रिकामी खुर्ची ओढली.

"बसा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, साहेबांसमोर बसायची सवय नाय.

"ही ऑर्डर हाय," आई म्हणाली.

बाबा बसले, आणि मग माझं लग्न लागलं.